पूलमध्ये खेळ एका जागी थांबलाय: समोरासमोरच्या कोचिंगवर पैसे घालावेत का? (नागपूर)

बर्डीचा_नाइनबॉल | शुक्रवार, रात्री ११:०५

नमस्कार मंडळी. पूल, म्हणजे टेबलावर क्यूनं (काठीनं) बॉल मारून पॉकेटमध्ये घालायचा खेळ; नागपुरात क्यू हातात धरणारे इथे बरेच आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

मी पूलचे नाइन-बॉल आणि एट-बॉल हे दोन्ही प्रकार खेळतो. रोजच्या पार्लरमध्ये जिंकतो, तिथे कुणाची भीती वाटत नाही. पण बराच काळ झाला, खेळ आहे तिथेच आहे. तीन-चार बॉल छान जातात, क्यू बॉल (ज्याला क्यू लावतो तो पांढरा बॉल) हवा तिथे थांबतो, आणि मग एखादा लांब सरळ शॉट नाहीतर टेबलभर लांबीवरचा कट (बॉलला बाजूनं लावून मारायचा शॉट) हुकतो. बाहेरगावच्या स्पर्धेत समोरचा तिथून पुढचं सगळं साफ करतो आणि मी खुर्चीवर बसून बघतो.

व्हिडिओ भरपूर पाहिले. टेबलवर तासही भरपूर घातले. आता एका कोचचा पर्याय समोर आहे. दुसऱ्या शहरात जायचं, तिथे राहायचं, सलग काही दिवस सकाळ-संध्याकाळ फक्त त्यांच्यासमोर खेळायचं. एका वेळी एक किंवा दोनच खेळाडू घेतात. फी, रेल्वे, राहणं धरून माझ्या खिशाला जड आहे, पण जमवू शकतो.

कुणी असं केलंय का? खरंच फरक पडतो का? आणि नागपुरातच काही होण्यासारखं असेल तर तेही सांगा.

हिंगणा_रोड | शुक्रवार, रात्री ११:३१

भाऊ, आधी हे सांग, तुझा खेळ मोजून ठेवला आहे का कुठे? की नुसतं वाटून राहिलं की थांबला आहे?

बर्डीचा_नाइनबॉल | शुक्रवार, रात्री ११:४०

मोजलेला नाही. कसा मोजायचा?

हिंगणा_रोड | शनिवार, सकाळी ८:१५

भूताशी खेळून. ब्रेक कर (मांडलेले बॉल फोडणारा पहिला शॉट), ब्रेकनंतर क्यू बॉल हातात घेऊन पाहिजे तिथे ठेव, आणि पुढचे बॉल नंबरवारीनं काढ. सगळे गेले तर रॅक, म्हणजे तो डाव, तुझा, एक जरी चुकला तर रॅक भुताचा. सातची रेस लाव, आधी सात रॅक घेणारा जिंकला. नऊ बॉलनं सुरू नको करू. पाच बॉलनं खेळ, जिंकून राहिला तर सहा, मग सात. ज्या आकड्यावर रेस इकडे-तिकडे व्हायला लागते तो तुझा आजचा खेळ. तारीख टाकून वहीत लिही.

मित्रांसोबतच्या चार रेस जिंकल्या-हरल्यावरून काही कळत नाही. फार्गोरेटचा (पूल खेळाडूंना गुण देणाऱ्या पद्धतीचा) हिशोब घे. त्यात १०० गुणांचा फरक म्हणजे वरचा खेळाडू समोरच्याच्या एका रॅकमागे दोन रॅक जिंकतो. मग पंधरा-वीस गुणांची सुधारणा चार संध्याकाळच्या खेळात दिसणारच नाही. ती असू शकते आणि तुला कळत नसेल, किंवा नसेल आणि तुला वाटत असेल. कोचिंगच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा हा आकडा हातात पाहिजे.

सदरचे_काका | शनिवार, सकाळी १०:०२

हिंगणा रोड यांचं बरोबर आहे. त्यात माझी भर.

मी मूळचा बिलियर्ड्स आणि स्नूकरवाला, पूलकडे उशिरा वळलो. आपल्या भागाला या खेळाचं वावडं कधीच नव्हतं. स्नूकरचा जन्मच इथून जवळ, जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये १८७५ साली झाला असं मानतात, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याच्या हातून. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, देशाचे पहिले. परंपरा मोठी आहे. पण शिकवण्याची पद्धत म्हणाल तर आपल्याकडे ती बहुतेक मार्करच्या तोंडी राहिली. बॉल लावणारा, स्कोअर सांगणारा माणूस दिवसभर सगळ्यांचे स्ट्रोक बघत असतो. त्याला कळतं कुणाचा खांदा फिरतो आणि कुणाचं डोकं उचललं जातं. विचारलं तर सांगतो. विचारणारे कमी.

बिलियर्ड्स-स्नूकरचे जगज्जेते पंकज अडवाणी यांचं उदाहरण सगळे देतात. ते अरविंद सावूर यांच्याकडे लहानपणापासून शिकले. म्हणजे एका जाणत्या माणसाची नजर त्यांच्या हातावर वर्षानुवर्षं होती. काही दिवसांच्या कोचिंगमधून ते मिळणार नाही, हे आधी मनाशी धरा. मग त्यातून काय मिळू शकतं? माझ्या मते एकच गोष्ट: तुमचा खेळ नेमका कुठे अडलाय याचं निदान. उपचार इथे घरी येऊन तुम्हालाच करायचा आहे. निदानासाठी पैसे मोजायला माझी हरकत नाही. पण काही दिवसांत नवा खेळ हातात येईल असं कुणी सांगत असेल तर जाऊ नका, बाळ.

त्रिकोणमिती | शनिवार, दुपारी १:४८

लांब सरळ शॉट हुकतो असं लिहिलंय म्हणून आकडे मांडतो. स्वतःचा स्ट्रोक स्वतःला का दिसत नाही ते यातून कळेल.

पूलचा बॉल सव्वादोन इंच व्यासाचा. समजा क्यू बॉल आणि ऑब्जेक्ट बॉल (पॉकेटमध्ये घालायचा बॉल) यांच्यात तीन फूट अंतर आहे. क्यू बॉलची दिशा जराशी चुकली तर तो ऑब्जेक्ट बॉलला मध्यापासून थोडा बाजूला लागतो, आणि ऑब्जेक्ट बॉलची दिशा त्याच्या जवळपास पंधरा पट चुकते. आता ऑब्जेक्ट बॉलपासून पॉकेट चार फूट धरा. स्पर्धेच्या टेबलाचं कोपऱ्याचं पॉकेट साडेचार इंचांच्या आसपास असतं. म्हणजे बॉलच्या दोन्ही बाजूंना मिळून सव्वादोन इंच मोकळी जागा, एका बाजूला सव्वा इंचाहूनही थोडी कमी. चार फुटांवर त्याचा कोन होतो सुमारे सव्वा अंश. त्याला पंधरानं भागा. क्यू बॉलला अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी चूक परवडते.

एवढी चूक खेळणाऱ्याला जाणवत नाही. त्याला फक्त बॉल जॉमध्ये (पॉकेटच्या तोंडाशी) खडखडून बाहेर आलेला दिसतो, आणि तो समजतो एम (नेम) चुकला. पुढच्या वेळी तो एम बदलतो. एम आधी बरोबर होता आणि स्ट्रोक वाकडा होता, तर आता दोन्ही चुकीचे झाले, आणि कधीकधी दोन चुका एकमेकींना खाऊन बॉल जातोही. मग तीच जोडी हातात बसते. बरेच जण इथेच अडकतात असं माझं ठाम मत आहे, आणि म्हणूनच नुसते तास वाढवून हे सुटत नाही.

घरच्या घरी एक चाचणी करून बघा. क्यू बॉलऐवजी पट्ट्याचा बॉल घ्या, हेड स्पॉटवर (आपल्या बाजूच्या मधल्या खुणेवर) ठेवा, पट्टा उभा आणि शॉटच्या रेषेत. समोर फूट स्पॉटवरून (पलीकडच्या मधल्या खुणेवरून), पलीकडच्या कुशनवर (टेबलाच्या कडेवर) सरळ मारा. मध्यावर लागला असेल तर पट्टा न डगमगता गोल फिरत जातो आणि बॉल क्यूच्या टोकाकडे परत येतो. जराही साइड लागली असेल (मध्याच्या डाव्या-उजव्या बाजूला लागला असेल) तर पट्टा लडबडतो आणि बॉल बाजूनं परततो.

पाचवा_रॅक | शनिवार, दुपारी २:२०

पंधरा पट हे आज कळलं. धागा फॉलो करतोय.

प्रतापनगर_ब्रेकर | शनिवार, संध्याकाळी ६:१०

माझं मत वेगळं आहे आणि स्पष्ट लिहितो.

तेवढ्या पैशात नागपुरात बोर्डावर (टेबलवर) किती महिने खेळता येईल याचा हिशोब करा. पूल हा खेळ पैजेचा पैसा लागला की, समोर तगडा माणूस असला की सुधारतो. एफ्रेन रेयेस मनिलात काकांच्या पूल हॉलमध्ये वाढले आणि १९९९ मध्ये नाइन-बॉलचे जगज्जेते झाले. त्यांना कुणी वर्गात बसवून शिकवलं नव्हतं. आपल्याकडचे चांगले खेळाडूही पार्लरमध्येच घडले. स्पर्धा खेळा. रायपूर, पुणे, मुंबई जिथे प्रवेश मिळेल तिथे जा, हरा, परत या.

दुसरं, कोच म्हणवणारे हल्ली खूप झालेत. अमेरिकेत निदान पीबीआयए (व्यावसायिक बिलियर्ड प्रशिक्षकांची संघटना) यासारखी संस्था प्रशिक्षकांना मान्यता देते. आपल्याकडे समोरचा माणूस शिकवू शकतो की नुसता खेळू शकतो हे कशावरून ठरवायचं?

लक्ष्मीनगर_क्यू | शनिवार, रात्री ९:३३

मी असं कोचिंग घेतलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. कोचचं नाव आणि शहर देत नाही, कारण प्रश्न त्या एका व्यक्तीचा नाही.

माझीही अवस्था धागाकर्त्यासारखीच होती. त्यात बायकांसाठी एक वेगळी अडचण असते. संध्याकाळी पार्लर भरलेलं असताना कुणी आपल्याला नीट सांगत नाही. एक तर सगळेच एकदम शिकवायला येतात, नाहीतर कुणीच काही बोलत नाही. मी सकाळी पार्लर उघडल्याबरोबर जायचे, एकटी. त्यामुळे माझा स्ट्रोक कुणी पाहिलेलाच नव्हता.

पहिला अर्धा दिवस कोच जवळजवळ काही बोलले नाहीत. मला ओळखीचे शॉट मारायला लावले आणि ते टेबलाभोवती फिरत राहिले. कधी माझ्या मागे, कधी बरोबर समोर, डोळे कुशनच्या उंचीला आणून. मोबाइल पलीकडच्या कुशनवर ठेवून रेकॉर्डिंग. मग दुपारी त्यांनी दोन ऑब्जेक्ट बॉल घेतले आणि माझ्या क्यूच्या दोन्ही बाजूंना, ब्रिजच्या हाताच्या (क्यूला टेकू देणाऱ्या पुढच्या हाताच्या) थोडं पुढे, असे ठेवले की मधून क्यू कसाबसा जाईल. म्हटलं तर काहीच अवघड नाही, क्यू मागे घ्यायचा आणि पुढे न्यायचा. मागे घेताना काही नाही. पुढे जाताना, अगदी शेवटच्या इंचांत, टक्. उजवा बॉल हलला. पुन्हा टक्. सावकाश केलं तर आवाज नाही, खरा शॉट मारायच्या वेगानं केलं की टक्. मी मागचा हात क्यूवर शेवटी आवळत होते आणि क्यू उजवीकडे ओढला जात होता. इतकी वर्षं ते मला हलक्या फेदरिंगमध्ये (शॉटआधी क्यू पुढे-मागे करताना) कधी जाणवलंच नव्हतं, कारण फेदरिंगमध्ये ते होतच नव्हतं.

बाकी सगळे दिवस त्याच एका गोष्टीवर गेले. ग्रिप सैल, मागे थोडं थांबणं, आणि स्टॉप शॉट. स्टॉप शॉट जवळून सुरू करून अंतर वाढवत नेला, क्यू बॉल जागच्या जागी गोठला पाहिजे, इकडेतिकडे सरकला तरी शॉट बाद, बॉल पॉकेटमध्ये गेलेला असला तरीही. पोझिशन प्ले (पुढच्या शॉटसाठी क्यू बॉल जागेवर आणणं), किकिंग (आधी कुशनला लावून मारणं), ब्रेक, याबद्दल मी प्रश्नांची मोठी यादी नेली होती. त्यांनी ती वाचली आणि बाजूला ठेवली. तेव्हा राग आला होता. आज वाटतं, पैसे त्याचेच दिले.

आता महत्त्वाचं. परत आल्यावर माझा खेळ बिघडला. बरेच आठवडे. ज्यांना सहज हरवायचे त्यांच्याकडून हरले. जुना हात सुटला होता आणि नवा बसला नव्हता. त्या काळात मी मॅच खेळणं जवळपास बंद केलं आणि सकाळी एकटीनं तोच दोन बॉलमधला सराव केला. नंतर हळूहळू लांबचे शॉट जायला लागले. धागाकर्त्यांना एवढंच सांगते, मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर जाऊ नका. नंतरचे काही महिने रिकामे ठेवता येत असतील तरच जा.

बर्डीचा_नाइनबॉल | शनिवार, रात्री ९:५८

ताई, मनापासून धन्यवाद. असंच कुणीतरी लिहावं अशी आशा होती.

त्रिकोणमिती यांची पट्ट्याच्या बॉलची चाचणी आज दुपारीच केली. हळू मारला की पट्टा सरळ. जोरात मारला की बहुतेक वेळा लडबडतो आणि बॉल डावीकडे येतो. पार्लरमधल्या दोघांनीही करून पाहिली, एकाचा पट्टा कुठल्याही वेगात सरळ राहिला. तो आमच्यातला सगळ्यात शांत खेळणारा आहे.

पीटीचे_सर | रविवार, सकाळी ७:२०

मी शाळेत खेळ शिकवतो. पूल हौसेनं खेळतो. प्रतापनगर यांच्या मुद्द्याला उत्तर द्यावंसं वाटतं, कारण तो अर्धा खरा आहे.

शिकण्याच्या आलेखात सपाट भाग येतो हे पूलवाल्यांनी शोधलेलं नाही. १८९७ आणि १८९९ मध्ये ब्रायन आणि हार्टर या दोघांनी अमेरिकेत तारऑफिसात काम शिकणाऱ्यांचा अभ्यास केला. तार ऐकून उतरवून घेण्याचा वेग आधी वाढत जायचा, मग बराच काळ सपाट, आणि मग पुन्हा चढ. त्यांचं म्हणणं असं की सपाट काळात माणूस सुट्या अक्षरांवरून शब्दांवर आणि वाक्यांवर जात असतो. पुढे १९६७ मध्ये फिट्स आणि पोस्नर यांनी कौशल्याचे तीन टप्पे मांडले. शेवटच्या टप्प्यात हात आपोआप चालतो. ही चांगली गोष्ट आहे, पण आपोआप चालणाऱ्या हातात जे काही असेल, सरळ किंवा वाकडं, तेच पक्कं होतं. तास वाढवले की वाकडंही पक्कं होतं.

म्हणून सराव कसा करता याला महत्त्व. १९७९ मध्ये शी आणि मॉर्गन यांनी दाखवलं की एकच हालचाल सलग घोकणारे सरावाच्या वेळी चांगले दिसतात, पण वेगवेगळ्या हालचाली मिसळून करणारे नंतर जास्त लक्षात ठेवतात. पूलमध्ये याचा अर्थ असा: नवा स्ट्रोक बसेपर्यंत एकच शॉट, पण बसायला लागला की प्रत्येक शॉट वेगळा. एक लांब, एक कट, एक ड्रॉ (क्यू बॉल मागे खेचणारा), पुन्हा लांब. मॅचमध्ये तोच शॉट दोनदा सलग येत नाही.

आणि नजर. २००२ मध्ये विल्यम्स, सिंगर आणि फ्रेलिक यांनी बिलियर्ड्स खेळणाऱ्यांची नजर मोजली. चांगले खेळाडू स्ट्रोक सुरू होण्याआधीची शेवटची नजर जास्त वेळ स्थिर ठेवत होते, आणि गेलेल्या शॉटमध्ये ती हुकलेल्या शॉटपेक्षा लांब होती. आपल्याकडे बहुतेकांची नजर फेदरिंग करताना क्यू बॉल, ऑब्जेक्ट बॉल, पॉकेट अशी फिरतच असते आणि मध्येच स्ट्रोक सुटतो. हे समोर बसलेल्या माणसाला दिसतं, मागून काढलेल्या व्हिडिओत नाही.

रेयेस यांच्याबद्दल एवढंच म्हणेन की ज्या हॉलमध्ये ते वाढले तिथे दिवसभर त्यांच्याहून सरस खेळणारे डोळ्यांसमोर असणार. तसा हॉल ज्याच्या गावात आहे त्याला कोचची गरज कमी. नागपुरात रोज तुमच्याहून चांगले किती जण खेळताना दिसतात?

प्रतापनगर_ब्रेकर | रविवार, सकाळी ११:४५

सर, शेवटचा प्रश्न मान्य. रोज एक-दोघंच, आणि तेही आपापल्या खेळात.

पण एक गोष्ट सोडू नका. स्ट्रोक सरळ झाला आणि पैसा लागला की तो पुन्हा वाकडा झाला, तर उपयोग काय? तो भाग कोचसमोर होत नाही.

मेडिकल_चौक_मार्कर | रविवार, दुपारी ३:०५

इतके दिवस वाचून राहिलो होतो, आज लिहितो. मी बोर्ड लावतो, मार्कर आहे. काकांनी मार्करचं नाव काढलं म्हणून.

एक तर, आपले टेबल पाहा. पार्लरमधले बरेच टेबल आठ फुटी असतात. पॉकेट मोठे, जॉ घासलेले. वाकडा गेलेला बॉलही आत पडतो. पोट्टे समजतात खेळ जमला. बाहेर नऊ फुटी टेबलवर, १०० बाय ५० इंचांवर, टाइट पॉकेटवर खेळायले गेले की तोच बॉल बाहेर उभा. तुमचा खेळ तिथे पडला नाही भाऊ, तिथे दिसला.

दुसरं कोणी बोललं नाही ते सांगतो. कूलर. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या वर जाते, पार्लरमध्ये मोठा कूलर लावावाच लागते. त्याची हवा ओली. टेबलच्या बाजूले कूलर असला की दुपारपर्यंत कापड ओलसर होते, बॉल जड चालते, कुशनवरून कमी येते. जोर लावल्याशिवाय पोझिशन येत नाही. मग सगळे जोरात मारायले शिकतात. आणि जोरात मारला की हात आवळला, जे ताई सांगून राहिल्या. त्याच पोट्ट्याले एसी हॉलमध्ये नव्या सिमोनिस कंपनीच्या कापडावर उभं करा, क्यू बॉल तीन कुशन फिरून कुठच्या कुठे. मी दर उन्हाळ्यात पाहतो.

टिपही (क्यूच्या टोकाची चामडी) पाहा. बरेच जण टिप फुगून बाजूले पसरली तरी तशीच खेळतात, अन् मग मिसक्यू झाला (टिप बॉलवरून घसरली) की खडूले दोष देतात.

प्रतापनगर दादा पैशाबद्दल बोलले ते खरं आहे. पैसा लागला की मला मागूनच दिसते. नॉर्मलले माणूस चार वेळा फेदर करते. पैसा लागला की सात-आठ करते, नाहीतर दोन करून मारून देते. ज्याचे फेदर मोजून तेवढेच राहतात तो जिंकते. हे कोणी शिकवलं तर शिकता येते.

सदरचे_काका | रविवार, दुपारी ४:१०

मार्करभाऊ, हे सगळं इतके दिवस मनात ठेवलं होतंत? धन्यवाद. कूलरचं तर माझ्याही लक्षात आलं नव्हतं. आमच्या क्लबात टेबल वेगळ्या खोलीत असायचं.

लक्ष्मीनगर_क्यू | रविवार, संध्याकाळी ५:५२

फेदर मोजण्याचं आमच्या कोचनीही सांगितलं होतं, त्यांचा शब्द होता रूटीन. उभं असताना सगळं ठरवायचं: कुठला पॉकेट, क्यू बॉल कुठे, वेग किती. खाली वाकल्यावर फक्त मारायचं. वाकल्यावर शंका आली तर उठायचं, वाकलेल्या अवस्थेत एम बदलायचा नाही. पैसे लागलेल्या मॅचमध्ये हे टिकतं का ते बघायला त्यांनी शेवटच्या दिवशी मला त्यांच्या दुसऱ्या विद्यार्थ्याशी रेस लावली, हरणाऱ्यानं जेवण द्यायचं. ते मात्र टेबलाकडे न बघता माझ्या मागच्या हाताकडे बघत होते.

प्रतापनगर दादांनी विचारलं होतं, शिकवणारा कसा ओळखायचा. मी आता कुणाकडे जाण्याआधी हे विचारेन: पहिल्या दिवशी काय करणार? उत्तरात आधी तुमचा खेळ बघेन असं नसेल तर नाही. एका टेबलावर किती जण? दोनपेक्षा जास्त असतील तर तुमचे निम्म्याहून जास्त तास उभं राहण्यात जातात. परत गेल्यावर व्हिडिओ पाठवला तर बघाल का, आणि किती महिने? टेबल किती फुटी? आणि सगळ्यात आधी, त्यांच्याकडे शिकून गेलेल्या एकाचा फोन नंबर मागा. जिंकणाऱ्याचा नाही, तुमच्यासारख्याच मधल्या पातळीवर अडकलेल्याचा.

त्रिकोणमिती | रविवार, संध्याकाळी ६:३०

यात एक भर. कोचला कटबद्दल विचाराल तेव्हा थ्रोबद्दल नक्की विचारा. कट शॉटमध्ये दोन बॉल घासले जातात आणि ऑब्जेक्ट बॉल ठरवलेल्या रेषेपासून किंचित ओढला जातो. हळू मारलेल्या स्टन शॉटमध्ये (क्यू बॉल न फिरता सरकत लागतो असा), अर्ध्या बॉलवर लागतो तेव्हाच्या आसपास, हा परिणाम सगळ्यात जास्त. मळलेल्या बॉलवर आणखी वाढतो. घोस्ट बॉल (क्यू बॉल लागताना जिथे असायला हवा ती मनातली जागा) अगदी अचूक धरूनही हळू कट जाड जातो (हवा तेवढा वळत नाही) तो यामुळे. पार्लरमधले बॉल कोणी पुसतं का?

मेडिकल_चौक_मार्कर | रविवार, संध्याकाळी ६:४१

माझ्याकडे रोज सकाळी पुसले जातात.

बर्डीचा_नाइनबॉल | रविवार, रात्री ८:२५

सगळं वाचून विचार थोडा बदललाय. मी लगेच बाहेर जात नाही. पण कोचिंगची कल्पनाही सोडत नाही.

असं सुचतंय: आपण चौघं-पाच जण मिळून कोचलाच नागपुरात बोलावलं तर? प्रवास आणि राहण्याचा खर्च एकाचाच, फी वाटून. प्रत्येकाच्या रोजच्या टेबलवर, रोजच्या कूलरसमोर तो बघेल. आणि आल्यावर तो मार्करभाऊंनाही काय बघायचं ते सांगून जाईल, म्हणजे तो गेल्यावर बघणारे डोळे इथे राहतील.

पीटीचे_सर | रविवार, रात्री ८:५०

शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. कोच येऊन गेल्यावर रोज पाहणारा कुणी नसेल तर महिन्याभरात जुना हात परत येतो. दोन टेबलं घ्या, एका टेबलावर दोघं. पाचवा नको.

प्रतापनगर_ब्रेकर | रविवार, रात्री ९:०५

असं असेल तर मी तिसरा. माझी एक अट: संध्याकाळी रेस, प्रत्येकाच्या खिशातून काहीतरी लागलेलं. आणि येण्याआधी आपल्या चौघांचा भुताचा आकडा लिहून ठेवू, तीन महिन्यांनी पुन्हा तोच. आकडा हलला नाही तर पुढच्या वेळी मी पैसे देणार नाही, हे आत्ताच सांगतो.

लक्ष्मीनगर_क्यू | रविवार, रात्री ९:१४

मी चौथी. माझ्या कोचना विचारते, पण आणखी दोघांना विचारायला हवं, एकाच्याच भरवशावर नको. उन्हाळ्यात नको, दिवाळीनंतर बघू. तेव्हा कापडही कोरडं असतं आणि स्पर्धा कुठे आहेत ते पाहून नंतरचे महिने मोकळे ठेवता येतील.

हिंगणा_रोड | रविवार, रात्री ९:२२

पहिलं नाव धागाकर्त्याचं, दुसरं माझं धरा. आकडा काढायले सगळे एकाच टेबलवर या, नाहीतर तुलना होणार नाही.

मेडिकल_चौक_मार्कर | रविवार, रात्री ९:३०

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता या. दहापर्यंत गिऱ्हाईक नसते, मालकाले सांगून ठेवतो. कापड आदल्या रात्री ब्रश करून ठेवीन, कूलर बंद, फक्त पंखा. पट्ट्याचा बॉल माझ्याकडे आहे. मोबाइलचं स्टँड कोणीतरी आणा.

बर्डीचा_नाइनबॉल | रविवार, रात्री ९:३४

स्टँड मी आणतो. आकडे इथेच टाकू.